काळ्या टेपखालचा जोड



गेल्या मे महिन्यात आमच्या मोहल्ल्यात खालाच्या धाकट्या मुलीचे लग्न होते. आमचा गाव घाटाखालचा. बुलढाण्याला घाटावर संध्याकाळी जरा वारा सुटतो, पण मलकापूर, नांदुरा, खामगावकडे मे महिन्यात रात्री दहा वाजतासुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो. त्यामुळे मेहंदीच्या रात्री गल्लीतच मांडव टाकला. तीन कूलर, दोन हॅलोजन आणि मुलांच्या हट्टापायी साउंड सिस्टिम. लाइन खालाच्या घरातून काढली होती. घरातली वायर अपुरी पडली म्हणून तिला दुसरी जोडली, आणि तो जोड मांडवाच्या कापडाला लागूनच बांबूवर बांधला.

साडेदहाच्या सुमारास माझ्या भाचीने ओढणी दाखवली. वाटाण्याएवढे भोक पडलेले. कोणी म्हणाले उदबत्तीची ठिणगी पडली असेल. पण उदबत्ती तर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होती. मी वर पाहिले. बांबूवरच्या जोडाभोवतीची काळी टेप वितळून काजळासारखी खाली ओघळत होती आणि जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. मेहंदी लावायला बसलेल्या बायका-मुली बरोबर त्याच्या खाली. वर सगळे नायलॉनचे कापड.

मेन स्विच बंद करायला सांगितले. मांडवात अंधार झाला आणि सगळ्यांनी मलाच बोलून घेतले. खाला तर म्हणाल्या, "बेटी, तुझी शाळा इथे पण?"

जोड करणारा मुलगा माझाच विद्यार्थी. आठवीपर्यंत माझ्याकडे होता, नंतर एका उस्तादाच्या हाताखाली वायरिंग शिकला. हात चलाख आहे, पोटापुरते कमावतो. तो धावत आला आणि म्हणाला, "बाजी, एमसीबी गिरा क्या? नहीं गिरा ना? मतलब लोड बराबर है." त्याचे हे वाक्य मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरते आहे, कारण आपल्यातल्या बहुतेकांचा तोच समज आहे. एमसीबी पडली नाही, म्हणजे सगळे ठीक.

हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे प्रत्येक घरातल्या बाईला कळायला हवे असे मला वाटते. वीज घरात वापरतो आपण. वास पहिला आपल्यालाच येतो.

जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीतून माणसे बाहेर पडतात, ते डोळ्यासमोर आणा. मोठ्या फाटकावर एक माणूस उभा आहे आणि तो फक्त किती जण गेले ते मोजतो. ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त झाले तरच तो फाटक लावतो. हा माणूस म्हणजे एमसीबी. आता आतल्या एका दरवाज्याची अर्धी फळी अडकली आहे. माणसे तेवढीच आहेत, पण त्या अरुंद दरवाज्यात रेटारेटी होते, घाम निघतो, कोणी चेंगरतो. फाटकावरच्या माणसाला याची खबरच नाही. त्याची मोजणी बरोबर आहे.

ढिला जोड म्हणजे तो अडकलेला दरवाजा. आकडे मांडून पाहू. त्या रात्री मांडवात साधारण 2300 वॉटचा भार होता असे धरले, तर 230 व्होल्टला तारेतून 10 अँपिअर वीज जात होती. खालाच्या घरची एमसीबी 16 अँपिअरची, ती कशाला पडेल? जोडाचा विरोध फक्त पाव ओहम असला, तरी उष्णता काढायचे दहावीच्या पुस्तकातले सूत्र लावा. अँपिअरचा वर्ग गुणिले विरोध. दहाचा वर्ग शंभर, त्याचा पाव भाग 25. म्हणजे त्या बोटभर जोडात 25 वॉट उष्णता सतत तयार होत होती. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची सोल्डरिंगची छोटी इस्त्री 25 वॉटचीच असते, आणि ती शिसे-कथील वितळवते. तशी एक इस्त्री आम्ही मांडवाला बांधून खाली मुली बसवल्या होत्या.

गंमत अशी की जोडात व्होल्टेज किती कमी झाले? अवघे अडीच व्होल्ट. दिवा मंद होत नाही, कूलर हळू फिरत नाही, काहीच कळत नाही. शिवाय हा आजार वाढत जाणारा आहे. तांबे तापले की त्यावर काळपट थर चढतो, तारेची पकड सैल होते, विरोध वाढतो, म्हणून ते अजून तापते. आपल्याकडच्या साध्या वायरीचे पीव्हीसी आवरण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच धरलेले असते. आणि टेप? टेप वीज जोडतच नाही. ती फक्त झाकते. आपल्या उन्हाळ्यात तिचा डिंकसुद्धा सुटतो. जोड आत कसा आहे, यावर सारे अवलंबून, आणि आतला जोड टेपमुळे कोणाला दिसत नाही.

आता जोड कसा असावा ते सांगते. पिळा मारलेला प्रत्येक जोड वाईट असतो असे नाही. आयटीआयच्या तारतंत्री मुलांना तारा एकमेकींत गुंफून, घट्ट वळून, वरून सोल्डर करायला शिकवतात. त्यातल्या एका जोडाचे नावच मॅरीड जॉइंट आहे. लग्नघरात मी हे सांगितले तेव्हा नवरीकडच्या मुली खूप हसल्या. पण तो जोड वेळखाऊ आहे. घाईत, शिडीवर उभे राहून, पक्कडीने दोन वेढे देऊन केलेला पिळा म्हणजे तो नव्हे. म्हणून रोजच्या कामासाठी कनेक्टर बरा. हात कच्चा असला तरी त्यात चूक कमी होते.

दुकानात सगळ्यात जास्त विकली जाते ती कनेक्टरची पट्टी. पांढऱ्या प्लास्टिकची, बारा घरांची, हवी तेवढी कापून घ्यायची. आत पितळी नळी आणि प्रत्येक घरात दोन स्क्रू. घेताना पट्टी हातात धरून पाहा. स्क्रू पूर्ण आवळून परत सोडा. आटे घसरत असतील तर ठेवून द्या. नळीचे पितळ जाड असावे. पत्रा गुंडाळून केलेली नळी नखाने दाबली तरी समजते. पट्टीवर अँपिअर आणि किती चौरस मिलिमीटरच्या तारेसाठी आहे हे उमटवलेले असावे. काहीच लिहिलेले नसेल तर ती दिव्याच्या तारेलासुद्धा घेऊ नका. गिझरजवळ, जिथे आधीच उष्णता आहे, तिथे प्लास्टिकऐवजी चिनी मातीची पट्टी लावतात. ती जळत नाही.

पट्टीत एक खोड आहे. आपल्या वायरी बारीक बारीक तारांच्या असतात, आणि स्क्रू त्या तारांना बाजूला सारून मध्येच घुसतो. चार तारा पकडल्या जातात, बाकीच्या बाहेर फुलासारख्या पसरतात. काही कारागीर यावर उपाय म्हणून टोकाला सोल्डर लावतात. दिसायला छान दिसते, पण स्क्रूखाली सोल्डर हळूहळू दबत जाते आणि काही महिन्यांनी जोड सैल होतो. त्यापेक्षा टोकावर पिनेसारखा छोटा लग चढवून तो क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबावा आणि मग स्क्रू आवळावा. क्रिंपिंगची पक्कड वेगळी असते. साध्या पक्कडीने चेपलेला लग म्हणजे क्रिंप नव्हे, हे कारागिराला जरा गोड शब्दांत सांगावे लागते.

दुसरा प्रकार खटक्याच्या कनेक्टरचा. नारिंगी खटका उचलायचा, तार घालायची, खटका पाडायचा. आत स्टीलची स्प्रिंग असते, ती तारेला कायम दाबून धरते, म्हणून तापणे-थंड होणे कितीही झाले तरी पकड सुटत नाही. जर्मनीतल्या मिंडेन गावची वॅगो नावाची कंपनी 1951 सालापासून स्प्रिंगच्या पकडीचे हे काम करते. आता इतरही बनवतात. पारदर्शक घ्यावा. तार शेवटपर्यंत गेली की नाही हे बाहेरून दिसते. तिचे आवरण किती सोलायचे याची खूण बहुतेकांच्या अंगावरच असते, तेवढेच सोलावे. कमी सोलले तर स्प्रिंग प्लास्टिकवर बसते, जास्त सोलले तर उघडी तार बाहेर राहते. बाजारात याच्या हुबेहूब नकला खूप आहेत. अगदी स्वस्त, नाव-आकडा काही नाही, खटका मऊ. ज्याच्यावर अँपिअर, व्होल्ट आणि तारेची जाडी तिन्ही नाही, तो नको.

तार आणि कनेक्टर यांची जाडी जुळली पाहिजे. घरात दिव्या-पंख्यांना 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटर, मोठ्या सॉकेटला 2.5, गिझर-एसीला 4, असा साधारण हिशेब. चारच्या तारेचे काही धागे कापून ती दीडच्या घरात बसवणारे कारागीर मी पाहिले आहेत. तसे केल्याने 4 ची तार दीडची झाली, बिल मात्र आपण 4 चे भरले. वायर घेताना आयएसआय खूण आणि आयएस 694 हा क्रमांक पाहायचाच.

जोड झाल्यावर प्रत्येक तार वेगळी धरून ओढून पाहायची. सुटली तर आत्ताच सुटू दे. मग तो जोड डब्यात ठेवायचा, आणि तो डबा नंतर उघडता येईल अशा जागी हवा. भिंतीच्या गिलाव्यात किंवा पाइपच्या आत जोड कधीच नको. तिथे तो जळाला तरी आधी भिंत काळी होते, मग आपल्याला कळते.

एक गोष्ट मात्र मला जास्त सावकाश सांगायची आहे, ती तांबे आणि ॲल्युमिनियमची. खांबावरून घरापर्यंत येणारी जाड सर्व्हिस वायर बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची असते आणि घरातली तांब्याची. शेतातही तेच. दोन्ही एकमेकींना पिळून टाकल्या की काम झाले असे वाटते. पण ॲल्युमिनियमवर हवा लागताच पातळ थर येतो आणि तो थर वीज अडवतो. तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगते, थंड झाल्यावर मागे येते, आणि रोजच्या या ये-जात जोड सैल होतो. त्यात पावसाचे पाणी गेले की दोन धातूंची छोटी बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते.

अमेरिकेने हा धडा महागात शिकला. साठच्या दशकात तांबे महागले म्हणून 1965 ते 1973 या काळात तिथल्या लाखो घरांत ॲल्युमिनियमची वायर घातली गेली. पुढे तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने पाहणीनंतर सांगितले की, 1972 पूर्वीच्या अशा वायरीच्या घरात एखादा तरी जोड आग लागण्याइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या वायरीच्या घरापेक्षा 55 पट आहे. दोष लांबच लांब तारेत नव्हता. तो टोकांना होता, जिथे तार स्विचला किंवा दुसऱ्या तारेला भेटते. यासाठी बायमेटल लग मिळतो. एका बाजूने ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूने तांबे, कारखान्यातच जोडलेले. मीटरच्या अलीकडची सर्व्हिस वायर मात्र महावितरणची. तिला आपण किंवा आपल्या कारागिराने हात लावायचा नाही, 1912 वर तक्रार नोंदवायची.

शेतकरी बंधूंसाठीही दोन शब्द लिहिते, कारण माझा भाऊ शेती करतो आणि त्याच्या विहिरीतला जोड वर्षातून दोनदा जातो. पाण्यातल्या मोटारीच्या चपट्या केबलला पक्कडीने पिळा, वर टेप, वर सायकलच्या ट्यूबचा रबर, ही आपल्याकडची रीत. पाणी महिनाभरात आत शिरते. मोटार जळते ते वेगळेच, पण विहिरीत उतरलेल्या माणसालाही धक्का बसू शकतो. तीन तारांचे जोड एकाच ठिकाणी न करता एकमेकांपासून थोड्या अंतरावर करावेत. प्रत्येक तार तांब्याच्या नळीत घालून क्रिंप करावी. वर आतून डिंक असलेली, उष्णतेने आक्रसणारी स्लीव्ह चढवावी. दुकानात जॉइंट किट म्हणून हा सगळा संच मिळतो. मग तो जोड रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावा आणि सकाळी बाहेर न काढता मेगरने तपासून घ्यावा. भाऊ म्हणतो, आमच्याकडे आठवड्याआड रात्रीची लाइन असते, अंधारात बॅटरी तोंडात धरून एवढे कोण करणार? त्याचे खरे आहे. म्हणूनच हे उन्हाळ्यात, दिवसा, मोटार वर काढलेली असताना करून ठेवायचे काम आहे.

आता परत त्या मुलाकडे येते. दुसऱ्या दिवशी मी त्याला घरी बोलावले. रागावले नाही. तो आधीच खाली मान घालून बसला होता. सरबत दिले आणि विचारले, "बेटा, तुला कनेक्टर माहीत नाही का?" म्हणाला, "बाजी, सगळं माहीत आहे. पण लोक पॉइंटप्रमाणे पैसे देतात. पट्टी लावली तर म्हणतात फालतू खर्च लावला. टेप लावली तर कोणी विचारत नाही." मला बोलता येईना. आमच्या घराच्या वायरिंगच्या वेळी मीसुद्धा त्याच्याशी पॉइंटमागे पाच रुपयांसाठी घासाघीस केली होती. लग्नात बिर्याणीच्या देगींचा हिशेब किलोने चालतो, मांडवाच्या झालरीला हजार रुपये जातात, आणि ज्याच्यावर सगळ्यांचे जीव लटकलेत त्या जोडाला आपण दहा-वीस रुपये देत नाही. चूक त्याची होती, पण एकट्याची नव्हती.

तरी एक गोष्ट मी त्याला सांगितलीच. बुखारी शरीफमध्ये हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आहे. मदिन्यात एका रात्री एक घर आतल्या माणसांसह जळाले. ही खबर पैगंबर (स.) यांना सांगितली गेली तेव्हा त्यांनी आगीला माणसांची शत्रू म्हटले आणि झोपण्यापूर्वी ती विझवायची ताकीद दिली. तेव्हा आग दिव्यात आणि चुलीत होती, डोळ्यांना दिसत होती. आता ती भिंतीत आणि टेपखाली आहे, आणि आपण झोपल्यावरही चालू राहते.

9 जानेवारी 2021 च्या रात्री आपल्याच विदर्भात, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. सात वाचली. तिथले कारण म्हणजे असाच टेपचा जोड होता असे मी म्हणत नाही. चौकशीत बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरमधल्या विजेच्या बिघाडाकडे बोट दाखवले गेले. पण त्या बातमीनंतर मला विजेच्या जळक्या वासाकडे दुर्लक्ष करणे जमत नाही. त्या वर्षी देशात विजेच्या धक्क्याने मेलेल्यांची राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची संख्या बारा हजारांच्या वर आहे. आगीत गेलेले त्यात धरलेले नाहीत.

आपल्या घरात काय पाहायचे? स्विचबोर्ड किंवा सॉकेट वापरताना कोमट लागतो का, कडा पिवळ्या-तपकिरी झाल्यात का, पंखा चालू असताना बारीक चरचर ऐकू येते का, सडक्या मासळीसारखा किंवा प्लास्टिकचा वास येतो का. एवढे पाहायला टेस्टरही लागत नाही. यातले काही आढळले तर मेन बंद करा आणि परवाना असलेल्या वायरमनला बोलवा. बोर्ड स्वतः उघडू नका. आरसीसीबी घरात असावीच, ती धक्क्यापासून वाचवते. पण सैल जोडाची गरमी तिलाही कळत नाही, तिच्या भरवशावर राहू नका.

मस्जिद कमिटीच्या सदस्यांनाही विनंती. रमजानमध्ये तरावीहसाठी जादा पंखे-कूलर लागतात आणि त्यासाठी दरवर्षी नवी तात्पुरती लाइन ओढली जाते. वझूच्या जागेवरून ती नेऊ नये. ओल्या पायांची मुले तिथूनच ये-जा करतात. आणि जोड जमिनीवर टाकू नये, उंच डब्यात बांधावा.

त्या मुलाने वलीम्याच्या दिवशी मांडवाची लाइन नव्याने केली. जाड वायर, पट्टीचे जोड, वर प्लास्टिकचा डबा, कापडापासून हातभर लांब. हॅलोजन मी एकच ठेवायला लावला. खालांनी पट्टीचे पैसे दिले, वर त्याला नवा पाना-पक्कडीचा संच आणायला पैसे दिले, आणि मला म्हणाल्या, "ओढणीचे पैसे कोण देणार ते पण सांग." ओढणी भाचीने रफू करून घेतली. भोक होते तिथे आता छोटा आरसा लावला आहे.

पुढच्या अंकात अर्थिंगबद्दल लिहीन. दोन वाचक भगिनींनी पत्रातून विचारले आहे की फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात, ते का. तोवर त्यांनी फ्रिजला हात लावताना पायात रबरी चप्पल घालावी, आणि वायरमनला मात्र आजच बोलवावे.